आधी नदी, मग संग्रहालय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या धाकटी डहाणूत कुणाला सांगितलं, की आम्ही पैसे देऊन होडीत बसून आलो, तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. खाडीच्या एका अंगाला डहाणू गाव आणि तिथला जुना किल्ला, दुसऱ्या अंगाला आम्ही. बहुतेक घरांतून कुणी ना कुणी दर्यावर जाणारा. होडी ही आमच्याकडे कामाची वस्तू. शेतकऱ्याला ‘चला, जरा नांगरावर बसून फिरून येऊ’ म्हटलं तर त्याला जसं वाटेल, तसंच आम्हाला वाटतं.

आणि संग्रहालय? ते शाळेच्या सहलीत एकदा बघायचं असतं. रांगेत चालायचं, काचेला हात लावायचा नाही, बाहेर आलं की डबा खायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अशा सहली मी कितीतरी नेल्या. त्या मुलांना मी नेमकं काय दाखवलं, असं आज कुणी विचारलं, तर मला धड सांगता येणार नाही. ‘हे बघा, ते बघा, पुढं चला’ एवढंच केलं असावं.

या दोन्ही गोष्टींबद्दलचं माझं मत बदललं ते दहाएक वर्षांपूर्वी, गोव्यात, आणि तेही आमच्या एका चुकीमुळं. माझी पुतणी तेव्हा इतिहास घेऊन बी.ए. करत होती. तिनं हट्ट धरला, की मला जुनं गोवं बघायचंय. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, चाळीस वर्षं तांडेल. एरवी जानेवारीत तो घरी सापडायचा नाही. पण बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून तो मोकळा होता. मग दादा, वहिनी, पुतणी आणि मी असे चौघं निघालो. डहाणू रोडहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं करमळी. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी लागून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ते उगीच मडगावपर्यंत जाऊन परत येतात.

उतरलो तो वार शुक्रवार. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून जो जुना मठ आहे, त्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. तिथं गेलो तर दाराला कुलूप. या खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. मास्तर असून मला ते माहीत नव्हतं. पुतणीचं तोंड एवढंसं झालं. दादा मात्र खूश. म्हणाला, “नदी बंद नाही ना? चला तिकडं.”

चर्चवरून खाली उतरलं, की पाच-सात मिनिटांत मांडवीचा धक्का येतो. तिथून समोरच्या दिवाडी बेटावर फेरीबोट जाते. सपाट, रुंद, दोन्ही टोकांना उतरती फळी असलेली. स्कूटर, मोटारी, शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, सगळं एकदम चढतं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. आम्ही त्या दिवशी पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. दोनदा दिवाडीवर उतरून चहा घेतला. फेरीवाल्याला वाटलं असेल, ही मंडळी काही तरी विसरलीत.

पहिल्या फेरीतच दादानं एक प्रश्न काढला. पाणी ओहोटीचं होतं, तरी फेरी धक्क्याला व्यवस्थित लागली. आमच्या खाडीत ओहोटीला काय होतं? होड्या चिखलात एका कुशीवर पडून राहतात. भरती येईपर्यंत तांडेल असो नाहीतर मालक असो, हात बांधून बसायचं. “इथं पाणी जातच नाही की काय?” दादा म्हणाला.

जातं, पण थोडं जातं. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीही भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास असतं. मुंबईला ते साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. आमच्याकडे त्याहून वाढतं, आणि खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटर ओलांडतं. समुद्र तोच, चंद्रही तोच. फरक पडतो तो तळाचा आणि किनाऱ्याच्या आकाराचा. उत्तरेकडे समुद्र उथळ आणि रुंद होत जातो, आणि पुढं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं. येणारं पाणी त्या नरसाळ्यात कोंडलं जातं आणि वर चढतं.

भरतीची वेळ काढायचं आमच्याकडचं जुनं गणितही दादानं तिथं करून बघितलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर हे गणित चांगलं जमतं. गोव्यात दादाचा हिशेब चुकला. भरती त्याच्या वेळेच्या आधीच भरली. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, म्हणून ती गोव्याला आधी भेटते आणि आम्हाला नंतर. दादाला हे पटलं, पण आपलं गणित चुकलं हे त्यानं काही कबूल केलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे भरतीचं पुराण संग्रहालयाच्या गोष्टीत कशाला? सांगतो. नदीत पाणी फारसं खालीवर होत नाही, म्हणून इथं अगदी काठाला शहर बांधता आलं. मोठी गलबतं समुद्रापासून आत येऊन शहराच्या पायरीशी उभी राहू शकली. जुन्या गोव्याची सगळी भव्य चर्चेस, ते वाडे, ती बाजारपेठ जिथं आहे तिथं का आहे, याचं उत्तर या पाण्यात आहे. पुढं साथीचे आजार आले, नदी गाळानं भरू लागली, आणि शहर खाली समुद्राच्या बाजूला, पणजीकडे सरकलं. व्हाइसरॉयनं आपला मुक्काम १७५९ साली पणजीला हलवला, आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. पाणी बदललं तसं शहरही जागा सोडून निघालं.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला पुतणी एकदम ओरडली, “काका, मागं बघा!” आम्ही दिवाडीकडून परत येत होतो. समोर धक्क्याच्या वर एक दगडी कमान उभी होती. व्हाइसरॉयची कमान. सकाळी आम्ही तिच्याखालूनच चालत आलो होतो. रस्त्यावरची एक वेस, एवढंच वाटलं होतं. पाण्यातून बघितली तेव्हा कळलं, की ती रस्त्यासाठी बांधलेलीच नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को द गामा या व्हाइसरॉयनं ती आपल्या पणजोबांच्या, म्हणजे वास्को द गामाच्या आठवणीसाठी उभारली. वास्कोचा पुतळा नदीकडे तोंड करून आहे. लिस्बनहून येणारा नवा व्हाइसरॉय याच धक्क्याला उतरायचा, इथं त्याला शहराच्या किल्ल्या द्यायचे, आणि या कमानीखालून तो आत जायचा. आज दिसते ती कमान १९५४ साली पुन्हा बांधलेली आहे, पण तिचं तोंड त्याच बाजूला आहे. आपण मोटारीनं येतो आणि तिची पाठ बघून जातो.

मला माझ्या सहली आठवल्या. किती वस्तूंची पाठ दाखवून मी मुलांना परत आणलं असेल!

शनिवारी संग्रहालय उघडं होतं. आत शिरताच अफोंसो द अल्बुकर्कचा भला मोठा ब्राँझचा पुतळा आहे. पणजीच्या आझाद मैदानावर खांबांचा जो मंडप आहे, तिथं हा पुतळा पूर्वी होता. अल्बुकर्कनं १५१० साली गोवं दोनदा जिंकलं. पहिल्यांदा वर्षाच्या सुरुवातीला. मग मे महिन्यात आदिलशहाची फौज चालून आली आणि त्याला शहर सोडून गलबतांवर चढावं लागलं. पण तो निघून गेला नाही. ऑगस्टपर्यंत मांडवीतच नांगर टाकून राहिला. दोन्ही काठांवरून तोफांचा मारा, जवळचं धान्य संपलेलं, माणसं उंदीर मारून खायला लागलेली. आणि नोव्हेंबरात येऊन त्यानं शहर पुन्हा घेतलं. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि वर्गात शिकवलंही होतं. तो निघून का गेला नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला वाटायचं, जिद्द.

दादाला मी ही गोष्ट सांगितली. त्यानं एकच विचारलं, “मे संपला होता ना? मग जाणार कुठून? पावसात तोंड बंद.”

नदीचं तोंड. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादपाशी वाळूचा उंचवटा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा यामुळं गलबत बाहेर काढणं अशक्य व्हायचं. आजच्या काळातही लोखंडाच्या मातीचे बार्ज पावसात त्या तोंडाकडे न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत उतरायचे आणि मुरगावला जायचे. अल्बुकर्क नदीत अडकला होता. आमच्याकडेही पावसाळ्यात मासेमारी बंद असते. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पण सरकारनं सांगायच्या कितीतरी आधीपासून दर्यानंच ती घातलेली आहे. जे मला पुस्तकातून कळलं नाही ते दादानं पुतळ्यासमोर उभं राहून सांगितलं. त्याला पुतळ्याबद्दल काही माहीत नव्हतं, पण नदी त्यानं आदल्या दिवशी बघितली होती.

पुढं एका दालनात वीरगळ मांडले आहेत. वीरगळ तुम्ही गावोगाव देवळापाशी पाहिले असतील. लढाईत पडलेल्या वीराच्या नावानं उभा केलेला दगड. त्यावर खालून वर कथा वाचायची असते. तळाशी लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतोय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. इथल्या कदंब काळातल्या दगडांत पाण्यावरची लढाईही कोरलेली आहे. घोडे आणि ढाल-तलवारीऐवजी तळाशी नाव, नावेत माणसं, खाली वल्ही.

दादा तिथं अर्धा तास उभा होता. पहारेकऱ्याला शंका यायला लागली. शेवटी म्हणाला, “ही माल नेणारी नाव नाही. एवढे वल्हेकरी घेतल्यावर माल ठेवणार कुठं? आणि त्यांना खायला काय घालणार? ही किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी. जवळ जाऊन अंगावर घालायची.” मी म्हटलं, शीड का नाही वापरायचं? तो म्हणाला, “वारा काय तुझ्या शत्रूला विचारून वाहतो? शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वल्ह्याची जाते.” व्यापारी गलबतांना शीड आणि लढाऊ नावांना वल्ही का, हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

अशाच नौकायुद्धाचे वीरगळ आमच्या अगदी वाटेवर आहेत, हे पुतणीनं तिथंच सांगितलं. मुंबईत बोरिवलीला, एकसर गावात. बरेच अभ्यासक त्यांचा संबंध उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी जोडतात. शिडकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा, सगळं त्यावर आहे. डहाणूहून मुंबईला जाताना बोरिवलीवरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. परतल्यावर दादानं तेही जाऊन पाहिले. चारी बाजूंनी इमारती, मधे दगड. खाडी कुठं होती, हे त्यानं तिथल्या एका दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “खाडी? इथं?”

वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची साठेक चित्रं ओळीनं लावली आहेत. झुआंव द कास्त्रो या व्हाइसरॉयनं १५४७ साली ही मालिका सुरू केली. खरं सांगतो, तिथं कंटाळा येतो. सगळे दाढीवाले, सगळे काळ्या-लाल कपड्यांत, सगळे एकाच नजरेनं बघणारे. पण वहिनीनं विचारलं, “यातले आपल्याकडचे कोण?” तिचा प्रश्न बरोबर होता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर डहाणूही त्यांच्या ताब्यात आलं, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते सुटलं. म्हणजे मधल्या काळात या भिंतीवरच्या माणसांचाच अंमल आमच्या खाडीवर होता. त्यांचा एक नियम होता. अरबी समुद्रात व्यापाराला निघालेल्या गलबतानं त्यांच्याकडून पैसे भरून पास घ्यायचा, त्याला कार्ताझ म्हणत. पास नसला तर गलबत जप्त. दादा म्हणाला, “म्हणजे कागद तपासायची सुरुवात यांनी केली होय!” आणि त्या चित्रांकडे त्यानं पहिल्यांदाच नीट बघितलं.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो, नदीकाठच्या किंवा समुद्रकाठच्या शहरात गेलात, तर आधी पाण्यावर जा आणि मग संग्रहालयात. संग्रहालयात वस्तू येते ती एकटी येते. तिची जागा, तिचा उपयोग, तिच्या शेजारचं पाणी मागं राहतं. मुंबईचंच बघा. भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक काळा दगडी हत्ती उभा आहे. मुलं त्याच्यापाशी फोटो काढतात. हा हत्ती घारापुरीचा. बेटावर उतरायच्या जागेजवळ तो उभा होता. गलबतातून येणाऱ्या पोर्तुगीजांना तो दिसला आणि त्यांनी बेटाचं नावच एलिफंटा ठेवलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली जोडून उभे केले. आता तुम्ही नुसता भायखळ्याचा हत्ती बघितलात, तर ती एक दगडी मूर्ती. पण गेटवेहून बोटीनं घारापुरीला गेलात, तासभर पाण्यावर काढलात, बेट हळूहळू मोठं होताना बघितलंत, आणि मग भायखळ्याला आलात, तर तो हत्ती तिथं कशाला होता ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

परदेशातही हेच. लंडनचा टॉवर बघायला जाणारे रस्त्यानं आत शिरतात. त्याचा एक दरवाजा थेम्स नदीवर उघडतो, आणि राजद्रोहाचे कैदी बोटीतून त्या दरवाजानं आत नेत. तो नदीवरून बघितला की अंगावर काटा येतो, असं आमच्याकडचे जाऊन आलेले सांगतात.

त्याच शनिवारी संध्याकाळी आम्ही पणजीला पैसे देऊन बोटीत बसलो. मांडवीच्या पुलाखालच्या सांता मोनिका जेटीवरून तासाभराच्या सफरी निघतात. वर गच्चीवर गाणं-बजावणं, देखणी, फुगडी, पोर्तुगीज धाटणीचा नाच. आवाज एवढा, की नदीचा आवाज म्हणून काही ऐकू येत नाही. मला विचाराल तर बघण्यासारखं जे आहे ते काठावर आहे. आदिलशाही वाडा पाण्यावरूनच वाड्यासारखा दिसतो. आधी आदिलशहाचा, मग व्हाइसरॉयचा, मग सचिवालय आणि २००० सालापर्यंत विधानसभा; चारही राजवटींना नदीच्या तोंडावर नजर ठेवायला तीच जागा सोयीची वाटली. पलीकडच्या काठावर रेइश मागूशचा किल्ला. तो दुरुस्त करून २०१२ साली लोकांसाठी खुला झाला आणि तिथं मारियो मिरांडांची चित्रं आहेत. मधे कॅसिनोच्या दिव्यांनी लखलखलेल्या बोटी. वहिनीनं त्यांच्याकडे पाठच केली.

दादाचं लक्ष तिसरीकडेच होतं. बसल्याबसल्या त्यानं लाइफ जॅकेटं मोजली, मग माणसं मोजली. जेव्हा नाच रंगला आणि सगळे एका कडेला फोटो काढायला उठले, तेव्हा तो पुतणीला घेऊन दुसऱ्या कडेला जाऊन बसला. बोट मोठी होती, काही झालं नाही. पण त्याचं कारण त्यानं मला समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचा भार खाली असतो. तो उभा राहिला की तोच भार वर जातो; आणि वरच्या मजल्यावर पन्नास माणसं उभी राहून एका बाजूला आली, की बोट त्या बाजूला कलते. कललेल्या बोटीत माणसं आणखी त्याच बाजूला सरकतात. लहान होडीत हे व्हायला डोळ्याचं पातं लवायचा वेळ लागतो.

त्या वेळी मला हे दादाचं अति वाटलं होतं. १३ जानेवारी २०१८ ला आमच्याच डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना फिरायला घेऊन गेलेली बोट उलटली. तीन विद्यार्थिनींचा बुडून मृत्यू झाला. बाकीच्या मुलांना बाहेर काढायला आमच्याकडच्या मच्छीमारांच्या बोटी धावल्या. त्या दिवसाबद्दल मी जास्त बोलणार नाही. मी मास्तर होतो. सहलीची मुलं मोजायची म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. मग डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. तेव्हा होडीत बसायच्या आधी एवढं बघा: जॅकेटं माणसांइतकी आहेत का, आणि ती बांधून कपाटात ठेवलेली आहेत की हाताशी आहेत. लहान मुलाला बसेल असं जॅकेट आहे का. होडीवर किती माणसांची परवानगी लिहिलीय आणि चढली किती. आणि जॅकेट अंगात घाला. उकडतं, फोटो चांगला येत नाही, हे सगळं खरं. तरी घाला. तांडेलानं ‘आज नको’ म्हटलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो तुमचे पैसे सोडतोय, तर त्याला काही तरी दिसलं असणार.

संग्रहालयाबद्दलही एक व्यवहाराची गोष्ट. सगळं बघू नका. माणसाचे पाय आणि डोळे दीड-दोन तासांत थकतात, मग नुसतं चालणं होतं. चार वस्तू निवडा आणि प्रत्येकीपुढं पंधरा मिनिटं उभे राहा. बरोबर एखादा हातानं काम करणारा माणूस असला तर उत्तम. सुतार, विणकर, शेतकरी, कुंभार. त्याला पाटी वाचायला लावू नका, वस्तू वाचायला सांगा. दक्षिण गोव्यात बाणावलीला ‘गोवा चित्रा’ नावाचं संग्रहालय आहे. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी जुनी शेतीची, घरातली, कारागिरांची अवजारं जमवून ते उभं केलं. तिथं वहिनी आमची मार्गदर्शक झाली होती. निम्म्या वस्तू तिच्या आजीच्या घरात होत्या.

तिथून परतताना पुतणीनं गाडीत विषय काढला, की आपल्याकडचं काय? आमच्या डहाणू-तलासरीचं म्हणून जगातल्या संग्रहालयांत जे पोचलंय ते वारली चित्र. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ते नेलं. २००३ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या ड्युसेलडॉर्फ शहरातल्या कलासंग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनं त्यांचं प्रदर्शन झालं, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. मासे धरायचं जाळं हा त्यांच्या आवडीचा विषय होता. अख्ख्या कापडभर एकच जाळं, डोळ्यांनी मोजवणार नाही इतक्या गाठी. ते आम्हा मच्छीमारांना बघूनच कळतं. पण मुळात हे चित्र लग्नाच्या वेळी घराच्या कुडावर काढायचं, बायकांनी काढायचं, आणि नंतर ते भिंतीबरोबर पुसून जायचं. ऱ्हाइनच्या काठी ते बघणाऱ्याला त्या लग्नाचं गाणं ऐकू आलं नसणार.

आणि खाडीचं? लाकडी होड्यांची जागा फायबरनं घेतली. सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवायची, ती माझ्या लहानपणीच नायलॉनपुढं गेली. दर्यातून घर ओळखायला आमचे आजोबा डोंगर बघायचे. आता औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटर उंच चिमणी दिसते, आणि तीही बघायची गरज नाही, मोबाइलच सांगतो. आमच्या दक्षिणेला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, त्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत आलेत. बंदरानंतर आमच्या जाळ्यांच्या जागा राहतील की नाही, हा आमच्या गावात रोजच्या जेवणाइतका जवळचा प्रश्न आहे. आज दारात पडलेल्या ज्या वस्तूला आम्ही पाय लागला तर बाजूला करतो, तिच्यापुढं उद्या काच येऊ शकते.

पुतणी आता शिक्षिका आहे. गेली काही वर्षं ती एक वही ठेवते. होडीच्या प्रत्येक भागाला, प्रत्येक दोराला, वाऱ्याच्या प्रत्येक दिशेला दादा काय म्हणतो ते ती लिहून घेते, आणि पुढं उपयोग काय तेही. दादा चिडतो. “हे काय लिहायचं? हे माहीत असतं.” मग दोन दिवसांनी स्वतःच आठवून एखादा शब्द सांगतो. आमच्या परसात त्याची जुनी लाकडी होडी पालथी पडून आहे. पुतणीच्या डोक्यात ती शाळेला द्यायची आहे, एका शेडमध्ये, पाटी लावून.

परवा ती हे बोलली तेव्हा दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “द्या. पण मधून मधून पाण्यात घालावी लागेल. लाकूड सुकलं की फळ्यांच्या फटी उघडतात, मग ती होडी राहत नाही.” पुतणी म्हणाली, मग मुलांना तीतून खाडीत एक चक्कर मारून आणू, जॅकेटं घालून. वहिनीनं विचारलं, पैसे घेणार का?

त्यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.